वऱ्हाडातील ख्रिस्ती मंडळ्या आणि दानाची शिकवण

वऱ्हाडातील प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दान देण्याची जी रीत रुजली ती दोन वेगवेगळ्या शिकवणींतून आली, आणि या दोन शिकवणींचे एकमेकींशी कधी पूर्ण जुळले नाही. पहिली शिकवण अशी, की देवाच्या कामासाठी माणसापुढे हात पसरू नये, फक्त प्रार्थना करावी आणि जे येईल त्यावर भागवावे. दुसरी अशी, की प्रत्येक ख्रिस्ती माणसाने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, मोजून मंडळीला द्यावा. पहिली मिशनऱ्यांनी स्वतः आचरली, दुसरी त्यांनी इथल्या लोकांना शिकवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अकोला हे या दोन्हींचे भारतातील एक मोठे ठाणे होते.

दोन्हींचा आधार बायबल हाच. जुन्या करारात धान्य, फळे आणि गुरे यांचा दशांश लेवी या याजक वर्गासाठी ठरवून दिला आहे. अनुवादाच्या पुस्तकात दर तिसऱ्या वर्षी हा हिस्सा गावातील परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राखायला सांगितले आहे. त्याखेरीज शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि गळालेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी सोडावीत, असाही नियम आहे. रूथ ही मवाबी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते ती याच नियमाच्या बळावर. वऱ्हाडातील वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. इथल्या कास्तकारांच्या शेतात सुगीनंतर सरवा वेचणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या दिसत आल्या आहेत.

नव्या करारात हिशेबाचा सूर बदलतो. पुदिना आणि जिरे यांचासुद्धा दशांश काटेकोरपणे देणाऱ्या, पण न्याय आणि दया विसरणाऱ्या परूश्यांना येशू खडसावतो. दान गुप्तपणे करावे असे डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. मंदिराच्या भांडाराजवळ श्रीमंत लोक मोठ्या रकमा टाकत असताना एक गरीब विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकते, आणि तिने सर्वांपेक्षा जास्त दिले असे येशू ठरवतो, कारण तिने शिलकीतून नव्हे तर पोटातले काढून दिले. जक्कय जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो. पौल यरुशलेममधील गरीब ख्रिस्ती लोकांसाठी ग्रीक शहरांतून वर्गणी गोळा करतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईच्या मानाने बाजूला काढून ठेवावे असे सुचवतो, मात्र टक्केवारी सांगत नाही. दशांश ख्रिस्ती माणसावर बंधनकारक आहे की नाही, हा वाद या मौनातूनच निघाला आणि तो अजून मिटलेला नाही.

पहिल्या तीन शतकांत देणे स्वेच्छेचे होते. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजचा तर्तुलियन लिहितो की महिन्यातून एकदा ज्याला जमेल तो पेटीत काही टाकतो, सक्ती नसते, आणि तो पैसा गरिबांचे जेवण, त्यांचे दफन, अनाथ मुले आणि म्हातारे नोकर यांच्यावर खर्च होतो. पुढे चर्चला राज्यसत्तेचे पाठबळ मिळाले तसा दशांशाचा कर झाला. ५८५ मध्ये मॅकाँच्या धर्मसभेने तो सक्तीचा केला, ७७९ मध्ये शार्लमेनने त्याला राज्याच्या कायद्याचे बळ दिले. फ्रान्समध्ये तो १७८९ च्या क्रांतीत गेला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात तर चर्चसाठी कर घेण्याची पद्धत १८३३ पर्यंत चालू होती. ती बंद झाल्यावर तिथल्या चर्चना सभासदांच्या मनावर अवलंबून राहावे लागले, आणि दानावर प्रवचने करणे हा पाळकाच्या कामाचा ठरलेला भाग बनला. भारतात आलेले अमेरिकन मिशनरी या स्वेच्छेच्या जगातले होते.

सक्तीचा नमुना कोकणपट्टीने त्याआधीच पाहिला होता. गोव्यात १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली, आणि १५४१ मध्ये गावकरांनी त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कामासाठी 'स्वखुशीने' दिल्याची नोंद झाली. त्या खुशीची किंमत काय होती हे वेगळे सांगायला नको. वऱ्हाडातील मिशनकडे असे इनाम नव्हते आणि अशी सत्ताही नव्हती.

हात न पसरण्याची शिकवण मराठी मुलखात आली ती मुंबईमार्गे. जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मिशनरी १८४८ मध्ये मुंबईत आला आणि १८४९ मध्येच त्याने मिशनचा पगार नाकारला. आपण बंगल्यात राहतो आणि ज्यांना त्यागाचा उपदेश करतो ते खोल्यांत राहतात, ही विसंगती त्याला सहन झाली नाही. बाजारवस्तीत एका साध्या खोलीत राहून, शिकवणीच्या थोड्या मिळकतीवर पोट भरत त्याने १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत चाळीस वर्षे काढली. 'बॉम्बे गार्डियन' या पत्राचा तो दीर्घकाळ संपादक होता. बोवेनकडे पाहून फार लोक ख्रिस्ती झाले असे नाही. पण पगाराशिवाय मिशनरी राहू शकतो, हे त्याने इतर मिशनऱ्यांना दाखवून दिले.

१८७१ मध्ये विल्यम टेलर हा मेथडिस्ट प्रवचनकार मुंबईत आला. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याचे पैशाच्या वापरावरील प्रवचन १७६० मध्ये छापले गेले होते. प्रामाणिकपणे भरपूर कमवा, जपून वापरा आणि उरेल ते सगळे देऊन टाका, असे त्याचे सार आहे. टेलरने यावर आणखी एक अट चढवली: भारतातील मंडळ्या परदेशी निधीवर उभ्या राहू नयेत, त्यांचा खर्च इथल्या सभासदांनीच उचलावा. त्याच्या मंडळ्यांत इंग्रज आणि अँग्लो-इंडियन नोकरदार पुष्कळ होते, म्हणून ही अट मुंबई-पुण्यात निभावली. खेड्यापाड्यांत ती कशी निभावायची, हा प्रश्न मागे उरला.

टेलरच्या हाकेने आलेल्यांपैकी अल्बर्ट नॉर्टन याने एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे ठिकाण निवडले. १८७० च्या दशकात जेनी फ्रो ही ओहायोतील तरुणी या कामात सामील झाली. पुढे तिचे लग्न मार्कस फुलर याच्याशी झाले, आणि या दांपत्याने अकोल्याला आपले काम बसवले. त्यांच्यामागे कोणतीही श्रीमंत संस्था नव्हती. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर याने १८३६ पासून कोणाकडे उघडपणे पैसे न मागता अनाथालये चालवली होती, आणि त्याचे वृत्तांत जगभरचे असे मिशनरी वाचत. मागायचे नाही, कर्ज काढायचे नाही, पैसे आले नाहीत तर खर्च थांबवायचा, ही त्या पद्धतीची तीन कलमे. व्यवहारात मात्र न मागणाऱ्यालाही पत्रे आणि वार्षिक अहवाल छापावे लागतात, आणि अहवालात पैसा कसा वेळेवर आला हे वर्णन केले की वाचणाऱ्याचा हात आपोआप खिशात जातो. म्युलरच्या टीकाकारांनी हे तेव्हाच दाखवून दिले होते, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही.

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला फुलर दांपत्याचे काम न्यूयॉर्कच्या अलायन्स मिशनमध्ये विलीन झाले. या मिशनचा संस्थापक अल्बर्ट सिम्पसन याने १८८१ मध्ये एका प्रतिष्ठित प्रेस्बिटेरियन चर्चची पाळकी आणि तिचा ५,००० डॉलरचा वार्षिक पगार सोडला होता. त्या काळी अमेरिकेतील मोठ्या चर्चमध्ये पुढची बाके श्रीमंत घराणी भाड्याने घेत, आणि गरिबाला मागे किंवा बाहेर जागा मिळे. सिम्पसनने आपल्या सभांत सर्व जागा मोफत ठेवल्या. त्याच्या उन्हाळी अधिवेशनांत लोक पुढील वर्षभरात किती देणार ते चिठ्ठीवर लिहून देत, बायका अंगावरचे दागिने उतरवत, आणि न्यूयॉर्कची वर्तमानपत्रे या रकमांच्या बातम्या छापत. मिशनऱ्यांना ठरलेला पगार नसे. जमेल तो निधी वाटून दिला जाई. अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर, अमरावती आणि खानदेशात भुसावळ अशी ठाणी या पैशावर उभी राहिली.

त्या काळचे अकोला दोन भागांत वसलेले होते. मोर्णेच्या पश्चिम काठावर तटबंदीचे जुने शहर, त्यात असदगड किल्ला आणि राजराजेश्वराचे देऊळ. पूर्वेला ताजनापेठ, सरकारी कचेऱ्या आणि युरोपियनांचे बंगले. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि कापसाचा व्यापार वाढला तशी पूर्वेची बाजू फोफावली. जुन्या शहराला देण्याघेण्याची स्वतःची शिस्त होती. मुसलमान घरांत जकात वर्षभराच्या शिलकीच्या अडीच टक्के या हिशेबाने निघे. सणावाराला अन्नदान होई. आसपासच्या खेड्यांत खळ्यावर धान्याची रास पडली की बलुतेदारांचा वाटा आधी निघे आणि मग ती घरी जाई. मोजून हिस्सा काढणे ही इथे नवी गोष्ट नव्हती, म्हणून दशांशाची कल्पना लोकांना परकी वाटण्याचे कारण नव्हते. नवे होते ते एवढेच, की हा हिस्सा जातीच्या हक्काने कोणाकडे जात नव्हता. तो रविवारी जमणाऱ्या एका मंडळीच्या सामाईक पेटीत जात होता, आणि त्याचा हिशेब वहीत लिहिला जात होता.

मंडळी वाढली ती दुष्काळाने. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात फार कडक होता. १८९९ मध्ये पाऊस बुडाला तेव्हा वऱ्हाडही होरपळले. जुन्या माणसांच्या तोंडी या दुष्काळाचे नाव संवत १९५६ वरून 'छप्पन्नचा' असे पडले. सरकारने खडी फोडण्याची कामे काढली, गरीबखाने उघडले. बेवारस मुले शक्यतो त्यांच्या धर्माच्या लोकांकडे द्यावीत आणि कोणी पुढे आले नाही तर मिशनकडे, असे सरकारी धोरण होते. अलायन्स मिशनने मुलांसाठी अकोल्याला आणि मुलींसाठी खामगावला अनाथालय चालवले. त्यांच्या खर्चाचा पैसा अमेरिकेतील हजारो लहान देणगीदारांकडून येई. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने १९०० मध्ये वर्गणी जमवून 'क्विटो' हे मक्याने भरलेले जहाज मुंबईला पाठवले. त्यात सुमारे २ लाख बुशेल मका होता. मुंबईतील वाटपाच्या व्यवस्थेत अहमदनगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम पुढे होते. हिंदुस्थानातील एका अनाथ मुलाचा वर्षाचा खर्च १५ डॉलर, असा सरळ हिशेब ते साप्ताहिक आपल्या वाचकांपुढे मांडत असे, आणि आयोवातील एखादे शेतकरी कुटुंब अकोल्याच्या नकाशावरील जागाही ठाऊक नसताना तो उचलत असे.

पोटासाठी बाटले, असा शेरा या मुलांच्या वाट्याला गावातून आला. त्यात तथ्य होते आणि अन्यायही होता. आठ वर्षांच्या अनाथ पोराला धर्म निवडण्याची मुभा नव्हती, तशी उपाशी मरण्यावाचून दुसरी मुभाही नव्हती. जेनी फुलर १९०० मध्येच वारल्या. त्याच वर्षी त्यांचे हिंदुस्थानी स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि त्याला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची.

रमाबाईंचे उदाहरण इथे महत्त्वाचे आहे, कारण त्यांनी पैसा मिळवण्याच्या दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या. १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या शारदा सदनाला, म्हणजे विधवांच्या शाळेला, दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. समितीला हिशेब आणि धोरणात म्हणणे हवे असे, आणि सदनात धर्मप्रसार होऊ नये ही अट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे. दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली, तोवर दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली केडगावला होत्या. म्युलरचे वृत्तांत आणि चायना इनलँड मिशनचा इतिहास रमाबाईंनी वाचला होता. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी त्याच धर्तीवर, ठरलेल्या देणगीदारांशिवाय चालवले. समितीच्या अटींतून सुटण्याचा हा मार्ग होता, हे त्या पद्धतीचे भक्त सांगत नाहीत. न मागणाऱ्याला अटी घालता येत नाहीत.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी हाच मार्ग आणखी पुढे नेला. नागपूरला अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला राहिलेले हे कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेऊन त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. परदेशी पैशावर चालणारा ख्रिस्ती धर्म इथल्या माणसाला आपला वाटणार नाही, असे त्यांचे मत होते. घरातली वस्तू उचलून दाराशी आलेल्याला देणे हा त्यांचा स्वभावच होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त या उदारपणाची दुसरी बाजू आहे: देणारा देऊन मोकळा होतो, संध्याकाळची चूल पेटवायची ती घरातल्या बाईने. दानावरील प्रवचनांत ही बाजू क्वचितच येते.

अनाथालयातील मुले मोठी होऊन संसाराला लागली, तेव्हा दुसरी शिकवण ऐरणीवर आली. मंडळ्यांनी आपला पाळक आपण पोसावा, हा आग्रह नवा नव्हता. अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये अहमदनगर भागात येऊन गेले तेव्हा त्यांनी हाच नियम घालून दिला होता, आणि त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना दीक्षा देऊन पाळक नेमले गेले. वऱ्हाडात अडचण अशी, की मंडळीतील कमावते लोक बहुतेक मिशनचेच नोकर होते: शाळामास्तर, प्रचारक, बायबल सांगत फिरणाऱ्या बाया, अनाथालयाचे कामगार. त्यांचा पगार अमेरिकेतून येई आणि त्याचाच दशांश थैलीत पडून मंडळीच्या जमेला 'स्थानिक उत्पन्न' म्हणून लागे. अहवालात स्वावलंबनाचा आकडा दर वर्षी थोडा वाढलेला दिसे. तो पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला होता, हे आकड्यात दिसत नसे.

तरीही या सवयीला कमी लेखता येत नाही. जे लोक लहानपणी इतरांच्या वर्गणीवर जगले होते, त्यांना देणाऱ्याच्या जागेवर बसवणारा हा नियम होता. हातात नाणे नसलेल्यांसाठी त्यात वाट होती. स्वयंपाकाला बसताना बाईने ज्वारीची किंवा पिठाची एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची आणि आठवड्याने ते देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणायचे, ही रीत मराठी मंडळ्यांना परिचित आहे. मिझोराममध्ये १९१० पासून सुरू झालेली मूठभर तांदळाची अशीच प्रथा तिथल्या चर्चच्या उत्पन्नाचा मोठा खांब बनली. वऱ्हाडात ती तेवढी वाढली नाही. कारण उघड आहे: मिझो खेडे अख्खे ख्रिस्ती होते, वऱ्हाडी खेड्यात ख्रिस्ती घरे दोन-चार.

वऱ्हाडात खरी रंगत येते ती हार्वेस्टला, म्हणजे सुगीच्या आभारप्रदर्शनाला. कापसाच्या वेचणीला सुरुवात करताना सीतादही करण्याची रीत इथल्या शेतकऱ्यांत जुनी आहे. पहिला कापूस घरात येण्याआधी शेताला मान मिळतो. मंडळीची सुगीची उपासना त्याच भावनेच्या शेजारी येऊन बसली. वेदीपुढे ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडे, भोपळे, केळीचे घड, अंडी, कधी पाय बांधलेली कोंबडी मांडतात. उपासना संपली की लिलाव होतो. लिलाव पुकारणारा मंडळीतला गमत्या माणूस असतो. अंड्याची बोली बाजारभावाच्या कितीतरी पट चढते, आणि ज्याने ते घेतले तो पुष्कळदा परत देऊन टाकतो, म्हणजे पुन्हा लिलाव. दान गुप्त असावे हा डोंगरावरील प्रवचनाचा नियम त्या दुपारी सरळ बाजूला राहतो, आणि त्याबद्दल कोणाला खंत वाटत नाही. वर्षभर थैलीत पडत नाही एवढा पैसा या एका दिवसात जमतो, असे अनेक खजिनदारांचे अनुभव आहेत.

एरवी देण्याचे प्रकार साधे आहेत. रविवारच्या उपासनेत थैली फिरते. मासिक वर्गणी नाव लिहिलेल्या पाकिटातून येते. प्रभुभोजनाच्या दिवशीचे अर्पण काही मंडळ्यांत गरिबांच्या फंडासाठी राखतात, आणि त्यातून विधवेला मदत, दवाखान्याचे बिल किंवा दफनाचा खर्च निघतो. नोकरी लागली की पहिला पगार, गाय व्याली की पहिले दूध, अशी प्रथमफळे आणण्याची चालही आहे. कॅथलिक मंडळ्यांत दशांशाचा आग्रह एवढा नाही. तिथे उपवासकाळात बचत करून दान देण्यावर भर असतो, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेली कॅरितास इंडिया ही संस्था त्या काळात देशभर निधी गोळा करते. अकोला जिल्हा १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो.

स्वातंत्र्यानंतर मिशनरी कमी होत गेले आणि जमिनी, शाळा, बंगले व दफनभूमी यांची जबाबदारी स्थानिक मंडळ्यांवर आली. १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अहमदनगरकडील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्यात गेल्या. अलायन्सच्या मंडळ्या स्वतंत्र राहिल्या. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा महाराष्ट्र राज्य झाल्यावर विदर्भालाही लागू झाला, आणि दानाच्या पैशाचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करणे मंडळ्यांना बंधनकारक झाले. पूर्वी वहीत खजिनदाराची सही पुरत असे. आता सनदी लेखापालाची लागते.

परदेशी पैशाचा मार्गही अरुंद झाला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, परकीय अंशदान नियमन कायदा आला, २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून येणारी प्रत्येक देणगी प्रथम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच जमा करावी लागते. तो निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली आहे. त्यामुळे पाळकाचा पगार, विजेचे बिल, देवळाच्या छपराची डागडुजी आणि दफनभूमीची भिंत हा खर्च बहुतेक मंडळ्या आता रविवारची थैली, मासिक पाकिटे आणि हार्वेस्टचा लिलाव यांतूनच भागवतात.